अ‍ॅनिमेशन शिकायला महागडा संगणक हवाच का?

प्रश्न : मुलगा बारावी कॉमर्सला आहे. चित्रकलेच्या इंटरमीजिएट परीक्षेत ‘ए’ ग्रेड मिळाल्यापासून अ‍ॅनिमेशनच करायचं म्हणतो. एका क्लासने अडीच लाख फी सांगितली, नोकरीची हमीही दिली. शिवाय भारी संगणक लागेल म्हणे. आमची शेती. एवढं धाडस करावं का?
– एक आई, संगमनेर

उत्तर : ताई, खरेदीची घाई नको. सॉफ्टवेअर येणं म्हणजे अ‍ॅनिमेशन येणं नव्हे. हालचाल नेमकी पकडणं हे खरं कसब. दादासाहेब फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ या मूकपटात काड्या जराजरा सरकवत, दर वेळी एकेक चित्र टिपत त्यांना जिवंत केलं. मुलाला मोबाइलवर तेच करू द्या : सेकंदाला १२ चित्रं, म्हणजे दहा सेकंदांना १२०. एवढं करून तो कंटाळला नाही, तर पुढचा विचार करा.

ब्लेंडर हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. २०२५ मध्ये ऑस्कर मिळवणारा ‘फ्लो’ हा अ‍ॅनिमेशनपट त्यावरच बनला. कॉमर्समुळे काही अडत नाही. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेची प्रवेश परीक्षा बारावीच्या कोणत्याही शाखेतून देता येते. पदवीनंतर ‘सीड’ परीक्षा देऊन आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात एम.डेस. ही पदव्युत्तर पदवीही घेता येते.

क्लासकडून हमी लेखी घ्या, जुन्या विद्यार्थ्यांशी बोला, फी एकरकमी भरू नका. स्टुडिओवाले प्रमाणपत्राआधी शोरील, म्हणजे उत्तम कामाची एक-दोन मिनिटांची झलक पाहतात. सुरुवातीचा पगार बेताचाच असतो, म्हणून पदवी सोडू देऊ नका.