परत आलेलं पाकीट

भाडेकरूला पाठवलेली पहिली नोटीस पंधराव्या दिवशी माझ्याच दारात परत आली. पाकिटावर पोस्टमनने निळ्या पेनाने शेरा मारला होता : ‘दार बंद. सूचना दिली. परत.’ संतापाच्या भरात मी ते फोडलं, आतला कागद काढून घेतला आणि पाकीट रद्दीत टाकलं. दुसऱ्या दिवशी वकीलबाईंनी विचारलं, “काकू, पाकीट कुठंय? तोच तर आपला पुरावा.” न फोडलेलं, शेऱ्यासकटचं पाकीट सांगतं, की आपण नोटीस धाडली होती आणि तिचं पुढे काय झालं. पुन्हा नोटीस काढावी लागली, महिना वाया गेला.

धायरीतला हा फ्लॅट आमच्या आयुष्यभराच्या बचतीचा. ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्सचा करार मे महिन्यात संपला. जूनपासून भाडं बंद, फोन बंद. वॉचमन सांगायचा, “रात्री अकरानंतर येतात, उजाडायच्या आत जातात.” नातेवाईक म्हणाले, कुलूप बदला, लाईट तोडा. मी ऐकलं नाही, हे एक बरं केलं. वीज-पाण्यासारख्या आवश्यक सोयी तोडायला भाडे नियंत्रण कायद्यानेच मनाई आहे. आणि भाडेकरूला जबरदस्तीने बाहेर काढलं, तर गमावलेला ताबा परत मिळवायला तोच सहा महिन्यांच्या आत कोर्टात जाऊ शकतो.

आपल्याकडे वाट आहे, आणि ती चांगली आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ नुसार, राहण्यासाठी दिलेल्या जागेचा करार संपूनही ती सोडली नाही, तर घरमालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो. लेखी करारात जे लिहिलंय, तो तिथे निर्णायक पुरावा ठरतो. मुदत संपल्यानंतरच्या दिवसांसाठी ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत समोरच्याने प्रतिज्ञापत्र देऊन बचावाची परवानगी मागितली नाही, तर अर्जातली आपली विधानं त्याने मान्य केली असं धरलं जातं. म्हणजे गप्प बसणाऱ्याचं गप्प बसणं त्यालाच भोवतं. पण त्यासाठी समन्स आधी बजावलं जायला हवं, आणि तिथेच माझं घोडं अडलं.

अर्जात मी त्याचा एकच पत्ता दिला होता, माझ्याच फ्लॅटचा. तिथे दार बंद! करारात त्याच्या गावचा पत्ता होता, तो मी लिहिलाच नाही. शिवाय करारात ‘फ्लॅट क्र. ७, बी इमारत’ आणि अर्जात लाईटबिलावरून उतरवलेलं ‘बी-७’. त्यावर हरकत निघाली, दुरुस्ती करावी लागली. पुढे गावच्या पत्त्यावर समन्स गेलं, तेव्हा ‘घेण्यास नकार’ असा शेरा येऊन परत आलं. अशा शेऱ्यावर खात्री करून घेऊन सुनावणी पुढे नेता येते. आमची तशीच गेली आणि आदेश मिळाला.

म्हणून कळकळीने सांगते. करार नोंदवूनच घ्या. कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी घरमालकाची आहे, आणि नोंदणी नसेल तर वाद झाल्यावर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, ते खोडून काढणं आपल्यावर येतं. करार करतानाच त्याचा गावचा पत्ता, नोकरीचं ठिकाण, आधारची प्रत घ्या. अर्जातलं नाव, पत्ता, तारीख करारातून अक्षर न् अक्षर उतरवा. भाडं बँकेतूनच घ्या. पासबुकात कोणत्या महिन्यापासून थांबलं ते आपोआप दिसतं. मुदत संपल्यावर तो पैसे देऊ लागला, तर वकिलाला विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि जागा दुकानासाठी दिली असेल तर ही वाट तुमची नाही, त्याचा दावा वेगळा.

पहिल्या नोटिशीपासून किल्ली हातात येईपर्यंत मला १४ महिने लागले. त्यातले निदान चार माझ्या कागदांतल्या चुकांनी खाल्ले. आज तुमचा करार कपाटातून काढा, संपायची तारीख बघा आणि ती कॅलेंडरवर लिहून ठेवा. पोस्टातून एखादं पाकीट परत आलंच, तर ते न फोडता फाइलला लावा.