रिपोर्ट ‘नो ग्रोथ’, मग जंतू गेले कुठे?

प्रश्न : माझ्या आईचा गुडघा दोन वर्षांपूर्वी बदलला. गेल्या काही महिन्यांपासून तो सुजतो, दुखतो. सांध्यातलं पाणी काढून कल्चरला पाठवलं, तर रिपोर्ट ‘नो ग्रोथ’ आला. तरीही सर्जन म्हणतात, ‘आत बायोफिल्म असण्याची शक्यता आहे.’ जंतू आहेत तर ते लॅबमध्ये वाढत का नाहीत? आणि बायोफिल्म आहे की नाही हे लगेच सांगणारी एखादी टेस्ट निघालेली नाही का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : सर्जनची शंका रास्त आहे. ‘नो ग्रोथ’ या दोन शब्दांनी ती खोटी ठरत नाही, हे आधी सांगतो.

चार दिवस न घासलेल्या माठाच्या आतून हात फिरवला की जे बुळबुळीत लागतं, ती बायोफिल्म. दातांवरचं किटणही तीच. लेव्हनहूकने १६८३ साली दातांवरचा थर खरवडून आपल्या भिंगाखाली धरला आणि त्यात वळवळणारे जीव पाहिले. पण जंतू बहुतेक वेळा असे थर करूनच राहतात, सुटे पोहत नाहीत, हे वैद्यकाच्या पचनी पडायला जवळजवळ तीनशे वर्षं गेली. बिल कॉस्टर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये हा विचार ठामपणे मांडला. कृत्रिम सांधा, हृदयाची झडप, सेंट्रल लाईन, लघवीची नळी अशा वस्तूंना आपल्या शरीराच्या पेशींसारखं स्वतःचं संरक्षण नसतं. तिथे मोजके जंतू चिकटले तरी ते साखरेच्या लांब साखळ्या, प्रथिनं आणि डीएनए यांचं चिकट आवरण स्वतःभोवती विणतात आणि त्यात मुक्काम ठोकतात.

सुईने काढलं ते सांध्यातलं पाणी. जंतू मात्र धातूला आणि प्लास्टिकला चिकटून आहेत. पाण्यात आलेले थोडेथोडके जंतूही आवरणातून बाहेर पडलेले, सुस्त, हळू वाढणारे असतात. त्याआधी चार दिवस कुणी अँटिबायोटिक दिलं असेल, तर तेही प्लेटवर उगवत नाहीत. कृत्रिम सांध्यात सापडणारा क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस हा जंतू तर दहा ते चौदा दिवस इन्क्युबेटरमध्ये ठेवल्याशिवाय अनेकदा दिसतच नाही. बहुतेक नेहमीची कल्चर त्याच्या कितीतरी आधी बंद केलेली असतात.

आता झटपट टेस्टकडे वळू. इथे एक फरक नीट लक्षात घ्यायला हवा, कारण जाहिरातींत आणि बातम्यांत तो हमखास पुसला जातो. ‘हा जंतू बायोफिल्म करू शकतो का?’ हा एक प्रश्न. ‘या रुग्णाच्या शरीरात, या सांध्यावर, आत्ता बायोफिल्म आहे का?’ हा दुसरा. एखाद्याला पोहता येतं की नाही हे तपासणं वेगळं आणि तो या क्षणी पाण्यात आहे की नाही हे पाहणं वेगळं. लॅबमधल्या बायोफिल्मच्या बहुतेक टेस्ट पहिल्याच प्रश्नाचं उत्तर देतात. त्यासाठी आधी जंतू हातात असावा लागतो, म्हणजे तो कल्चरमध्ये वाढलेला असावा लागतो. तुमच्या आईच्या बाबतीत अडचण तिथेच आहे.

यातली सर्वांत वेगवान पद्धत मला खरोखर सुंदर वाटते. फ्रान्समध्ये ती विकसित झाली आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. नाव ‘बायोफिल्म रिंग टेस्ट’. प्लेटच्या लहानशा खळग्यात पातळ माध्यम, जंतू आणि डोळ्यांना न दिसणारे चुंबकीय मणी एकत्र घालतात. काही तासांनी ती प्लेट चुंबकांच्या ठोकळ्यावर ठेवतात. जंतूंनी तळाला चिकटून मण्यांना जखडलं नसेल, तर मणी सरकून मध्यभागी गोळा होतात आणि एक गडद ठिपका दिसतो. जखडलं असेल, तर ठिपका उमटत नाही. रंग द्यायला नको, धुवायला नको, थर पूर्ण पक्व होण्याची वाट पाहायला नको. चिकटण्याची पहिली पायरीच त्यात पकडली जाते, म्हणून दोन-चार तासांत उत्तर मिळतं. पण प्रश्न पुन्हा पहिलाच : हा जंतू चिकटणारा आहे का?

पीसीआरही लवकर होते. स्टॅफिलोकोकसमध्ये साखरेचं आवरण बनवणारा ‘आयका’ जनुकांचा गट आहे का, हे ती सांगते. हे जनुक सापडलं तर शंका बळावते. सापडलं नाही म्हणून निश्चिंत मात्र होता येत नाही. काही जंतू साखरेऐवजी प्रथिनांच्या आधाराने थर बांधतात आणि त्या वेळी आयका शोधणारी पीसीआर ‘नाही’ म्हणते.

दुसऱ्या प्रश्नाचं, म्हणजे रुग्णाच्या शरीरातल्या थराचं, थेट उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली मिळतं. काढलेल्या ऊतीत जंतूंचे पुंजके दिसावे लागतात. असे पुंजके साधारण चार ते दोनशे मायक्रोमीटरचे असतात. थोडा तुकडा घेतला आणि नेमका पुंजका त्यात आला नाही, तर तेही फसवतं. जुनाट जखमांसाठी जपानमध्ये एक चटकन होणारी रीत वापरली गेली आहे. जखमेवर नायट्रोसेल्युलोजचा पातळ कागद दाबायचा, आवरणाला धरणाऱ्या अल्शियन ब्लू रंगात बुडवायचा, धुवायचा. निळा डाग कुठे राहिला यावरून थर कुठे आहे ते काही मिनिटांत कळतं. बेडसोअरच्या खोल जखमेत नेमकं कुठे खरवडायचं, हे अशानं ठरवता येतं. बंद सांध्यात मात्र कागद दाबणार कसा?

म्हणून तुमच्या आईसाठी माझं मत असं. बायोफिल्मच्या नावाची टेस्ट शोधत बसू नका. नमुना योग्य रीतीने घेतला जातोय ना, यावर सगळा जोर द्या. वेळ तिथेच वाचतो.

सांध्यातल्या पाण्याची पहिली झटपट तपासणी लघवीच्या साध्या पट्टीवरही होऊ शकते. त्या पट्टीवरचा ल्युकोसाइट इस्टरेजचा चौकोन पांढऱ्या पेशींचं विकर ओळखतो. अमेरिकेतल्या एका गटाने २०११ मध्ये हीच पट्टी सांध्यातल्या पाण्यावर वापरून दाखवली. आज ‘दोन प्लस’ हा निकाल कृत्रिम सांध्याच्या संसर्गाच्या मान्य निकषांत धरला जातो. पाण्यात रक्त मिसळलेलं असेल तर रंग फसवतो, म्हणून आधी ते सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घ्यावं लागतं. त्याच पाण्यातल्या पांढऱ्या पेशी मोजाव्यात. २०१८ च्या निकषांत जुन्या दुखण्यासाठी एका मायक्रोलिटरला ३,००० पेक्षा जास्त पेशी हा आकडा आहे. बायोफिल्मचं नावही न घेता या दोन तपासण्या त्याच दिवशी सांगतात की आत काहीतरी धुमसतंय.

पुढे शस्त्रक्रिया ठरली, तर सर्जनना तीन गोष्टी जरूर विचारा. कल्चरपूर्वी निदान दोन आठवडे अँटिबायोटिक थांबवता येईल का? तब्येत गंभीर असेल तर नाही थांबवता येणार, पण विचारायला हवं. ऊतीचे पाच-सहा वेगवेगळे तुकडे, प्रत्येक नव्या हत्याराने, वेगवेगळ्या डब्यांत जाणार आहेत ना? आणि कल्चर चौदा दिवस ठेवायला लॅबला कळवलंय का? स्वॅब फिरवून पाठवणं इथे पुरत नाही.

सांधा काढलाच तर तो फेकून देऊ नये. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काढलेले कृत्रिम सांधे द्रावणात ठेवून ध्वनिलहरींनी हादरवले गेले. थर सुटून द्रावणात आला आणि त्या द्रावणाचं कल्चर केलं. ३३१ रुग्णांच्या या अभ्यासात नेहमीच्या ऊतींच्या कल्चरमध्ये सुमारे ६१ टक्के संसर्ग पकडले गेले, तर या द्रावणातून सुमारे ७९ टक्के. आधी अँटिबायोटिक घेतलेल्यांत तफावत आणखी मोठी होती. ‘नो ग्रोथ’चं कोडं मला तरी या अभ्यासाइतकं दुसऱ्या कशानेच उलगडलं नाही. जंतू तिथेच होते, आपण त्यांना हलवत नव्हतो.

हे सगळं का करायचं? कारण त्यावर औषध बदलतं. कल्चर रिपोर्टवर सेन्सिटिव्हिटीचे जे आकडे असतात, ते सुट्या, पोहणाऱ्या जंतूंचे असतात. थरातले तेच जंतू शेकडो पटींनी जास्त औषधालाही दाद देत नाहीत. स्वित्झर्लंडमधला १९९८ चा एक छोटा अभ्यास पाहा. इम्प्लांट जागेवर ठेवून स्टॅफिलोकोकसवर उपचार करायचे होते. सिप्रोफ्लॉक्सासिनला रिफॅम्पिसिनची जोड दिलेल्यांपैकी ज्यांनी औषधं पूर्ण केली ते बाराच्या बारा बरे झाले, जोड नसलेल्यांतले बारांपैकी सात. आपल्याकडे टीबीची गोळी म्हणून घराघरांत ओळखलं जाणारं हेच रिफॅम्पिसिन थरात शिरतं. ते एकटं कधीच द्यायचं नसतं, कारण जंतू फार लवकर त्याला निर्ढावतात. आणि कोणता जंतू आहे हे कळल्याशिवाय ते सुरू करण्यात अर्थ नाही. त्यामुळे नमुना आधी.

प्रश्न : मी डीएमएलटी करतोय. आमच्या लॅबमध्ये काँगो रेड अगारवर काळ्या वसाहती आल्या की ‘बायोफिल्म प्रोड्यूसर’ लिहितात. प्लेट पद्धतीला वेळ आणि हात जास्त लागतात. काँगो रेडवर थांबलं तर चालेल का?
– एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : नाही चालणार.

काँगो रेडची रीत १९८९ मधली. ब्रेन हार्ट इन्फ्युजन अगारमध्ये साखर आणि काँगो रेड घालायचा, ३७ अंशांवर २४ ते ४८ तास ठेवायचं आणि वसाहती कोरड्या, काळ्या आल्या तर पॉझिटिव्ह, गुलाबी राहिल्या तर निगेटिव्ह. स्वस्त आहे, पण काळा कुठे संपतो आणि गडद लाल कुठे सुरू होतो, हे दोन तंत्रज्ञ दोन तऱ्हांनी ठरवतात. आपल्याच ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल मायक्रोबायोलॉजी’मध्ये २००६ साली स्टॅफिलोकोकसच्या १५२ नमुन्यांवर काँगो रेड, टेस्ट ट्यूब आणि टिश्यू कल्चर प्लेट या तिन्ही पद्धती पडताळल्या गेल्या. काँगो रेडचा प्लेटशी मेळ बसला नाही आणि अभ्यासकांनी प्लेटच सुचवली.

टेस्ट ट्यूबची रीत १९८२ ची आणि प्लेटची १९८५ ची, दोन्ही क्रिस्टेन्सन आणि सहकाऱ्यांची. ट्यूबमध्ये माध्यमाच्या काठाशी नुसतं कडं उमटलं तर ते पॉझिटिव्ह धरायचं नसतं, भिंतीवर आणि तळाला थर दिसला पाहिजे. इथेही नजर हाच मापक. प्लेटमध्ये मात्र आकडा मिळतो, म्हणून ती करा आणि नीट करा. ट्रिप्टिक सोय ब्रॉथमध्ये एक टक्का ग्लुकोज विसरू नका, नाहीतर चांगला थर करणारा स्टॅफिलोकोकसही कमी दिसतो. प्रत्येक नमुन्याला निदान तीन खळगे. धुताना पिपेटचा जोरदार फवारा मारू नका, थर त्याबरोबरच जातो. नवख्यांची बहुतेक खोटी निगेटिव्ह इथेच तयार होतात. मग क्रिस्टल व्हायोलेट, पुन्हा हलक्या हाताने धुणं आणि एलायझा रीडरवर ५७० नॅनोमीटरला वाचन. निगेटिव्ह कंट्रोलच्या सरासरीत तीन स्टँडर्ड डेव्हिएशन मिळवली की सीमारेषा मिळते. तिच्या दुपटीपर्यंत कमकुवत, चौपटीपर्यंत मध्यम, त्यापुढे जोरकस. रोज पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिसचा एटीसीसी ३५९८४ आणि निगेटिव्ह म्हणून १२२२८ लावा. कंट्रोल चुकला तर त्या दिवशीचा एकही आकडा लिहू नका.

रिपोर्टवर ‘बायोफिल्म प्रोड्यूसर’ लिहिताना वरच्या उत्तरातला फरक ध्यानात असू द्या. प्लास्टिकच्या खळग्यात थर केला म्हणजे रुग्णात केलाच, असं नव्हे. थरातल्या जंतूंसाठी औषधाची मात्रा ठरवणारी उपकरणंही आहेत. कॅनडातल्या कॅलगरीत १९९९ मध्ये ९६ खुंट्यांचं एक झाकण याच कामासाठी बनवलं गेलं. संशोधनात त्याचा फार उपयोग झाला. पण त्या आकड्यांवरून उपचार ठरवायला मान्य सीमारेषा आजही नाहीत. सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांत थरावरच्या सेन्सिटिव्हिटीनुसार औषध निवडून पाहिलं गेलं, तेव्हा नेहमीच्या पद्धतीपेक्षा ठोस फायदा दिसला नाही.

सेंट्रल लाईनच्या रुग्णांत एक झटपट खूण तुमच्या लॅबमध्ये आधीच असेल. लाईनमधून आणि हातातल्या शिरेतून एकाच वेळी, सारख्याच प्रमाणात रक्त घ्या. लाईनची बाटली मशीनमध्ये शिरेच्या बाटलीपेक्षा दोन तास किंवा त्याहून आधी पॉझिटिव्ह झाली आणि जंतू तोच निघाला, तर लाईनवर संशय घट्ट होतो, तीही न काढता. त्यासाठी बाटल्यांवर ‘लाईन’ आणि ‘शीर’ आणि वेळ लिहिलेली हवी. वॉर्डातून ती लिहून येत नसेल तर फोन करून विचारा. या एका सवयीने रुग्णांचं जितकं भलं होईल, तितकं नव्या किटने होईल असं मला वाटत नाही.

प्रश्न : आजोबांना कायमची लघवीची नळी आहे. दर महिन्याला कल्चरमध्ये जंतू येतात आणि दर वेळी नवं अँटिबायोटिक सुरू होतं. हे किती दिवस चालणार?
– एक नात, चिपळूण

उत्तर : ताप, थंडी, पोटात दुखणं, अचानक गोंधळलेपण असं काही नसेल, तर दर महिन्याचं ते कल्चर करूच नका. नळी घातल्यापासून दर दिवशी सुमारे तीन ते सात टक्के रुग्णांच्या लघवीत जंतू येऊ लागतात आणि महिनाभरात ते जवळजवळ सगळ्यांत असतात. ते नळीच्या आतल्या थरातले असतात. औषधाने थर जात नाही, उरतात ते औषधाला न जुमानणारे जंतू. लक्षणं असतील तर मात्र वेळ घालवू नका. नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल, तर आधी ती बदलून घ्या आणि लघवीचा नमुना नव्या नळीतून घ्या. पिशवीतून कधीच नको. जुन्या नळीतून घेतलेला नमुना नळीच्या थराची बातमी देतो, आजोबांच्या मूत्राशयाची नाही.