आपलें दफ्तर आपल्या घरीं

पूर्वीं बहुतेक घरांतून कागदपत्रांची एक पेटी असे. जन्माचे दाखले, शाळेचीं प्रगतिपत्रकें, जमिनीचे उतारे, जुनीं छायाचित्रें हें सर्व तींत राही, व तिची किल्ली घरच्या वडील माणसाकडे असे. आज तीच सामग्री मोबाईलमध्यें सांठते, आणि मोबाईल भरला म्हणजे कोठल्या तरी कंपनीच्या दूरदेशींच्या यंत्रावर जाऊन पडते. अशा यंत्रास सर्व्हर म्हणतात. नांवानें तो सेवक खरा. पण तो ज्याच्या घरीं राहतो त्याचा हुकूम मानतो, हें विसरतां कामा नये. असा सेवक आपल्याच घरीं कसा ठेवावा, व ठेवल्यावर कोणता भार आपल्या शिरीं येतो, याचा विचार येथें योजिला आहे.

ही कल्पना नवी नव्हे. आमच्या अंधेरीस लागूनच असलेल्या जुहूंत नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था १९८५ सालीं स्थापन झाली. १९८६-८७ च्या सुमारास ही संस्था व पवईची आय. आय. टी. यांच्यामध्यें टेलिफोनच्या तारेवरून विद्युत्पत्रांची ने-आण सुरू झाली. सामान्य जनतेस इंटरनेट मिळालें तें पुढें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं. त्या आरंभीच्या काळांत जी संस्था पत्रें पाठवी तीच आपल्या आवारांतील यंत्रावर तीं जपून ठेवी. सर्वांनीं आपलें दफ्तर मोजक्या कंपन्यांच्या कोठारांत नेऊन ठेवावयाचें, ही रीत मागाहून आली.

ती रीत सोयीची आहे, यांत संशय नाहीं. परंतु कोठाराचा धनी दुकान बंद करील तेव्हां काय? जिओसिटीज या ठिकाणीं लक्षावधि लोकांनीं आपलीं पानें मांडलीं होतीं. २००९ सालीं तें बंद झालें. आपल्या देशांतील तरुणांच्या आवडीचें ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजीं मिटलें. दोन्ही वेळीं सूचना अगोदर देण्यांत आली होती. पण सूचना वाचून आपलें सामान वेळेवर उचलणारे थोडेच असतात.

घरच्या सर्व्हरास मोठें यंत्र लागत नाहीं. टाकून दिलेला परंतु चालता संगणक पुरतो. नवीन घेणेंच असेल तर तळहाताएवढी पेटी मिळते. ती सुमारें १५ वॅट वीज खाते असें धरलें, तर रात्रंदिवस चालून महिन्याला ११ युनिटांच्या आंतच खर्च येतो. यंत्रावर लिनक्स ही मोफत मिळणारी कार्यप्रणाली बसवावी, व तिच्यावर फायली सांभाळणारी एखादी आज्ञावली. नेक्स्टक्लाउड ही त्यांतील बरीच रुळलेली. फ्रँक कार्लिचेक या जर्मन गृहस्थानें २०१० सालीं ओनक्लाउड नांवाची आज्ञावली आरंभिली, व २०१६ सालीं तिच्यापासून फुटून नेक्स्टक्लाउड निघाली. तिचा मूळ मजकूर कोणासही वाचतां येतो. घरांतील प्रत्येकास निराळें नांव व निराळा परवलीचा शब्द द्यावा. एकच शब्द सर्वांस देणें म्हणजे पेटीची किल्ली दारावर टांगून ठेवणें होय.

घरांतल्या घरांत हें सर्व सुरळीत चालतें. अडचण येते ती बाहेरून घरच्या यंत्रापर्यंत पोहोंचण्यांत. अनेक ठिकाणीं इंटरनेट पुरविणारा पुष्कळ गिऱ्हाइकांस मिळून बाहेरचा एकच पत्ता देतो. मग टपाल वाड्याच्या फाटकाशीं येतें, पण खोलीचा क्रमांकच कोणास ठाऊक नसतो. शिवाय यंत्राचें दार सर्व जगास उघडें ठेवणें धोक्याचें. यासाठीं वायरगार्डसारखी गुप्त वाट वापरावी, म्हणजे ज्यांच्यापाशीं किल्ली आहे तींच उपकरणें आंत येऊं शकतात. मात्र आपल्या बाजूसही बाहेरचा निराळा पत्ता नसेल, तर भाड्यानें घेतलेल्या एखाद्या यंत्रास मध्यस्थ करावें लागतें.

येथवरचें काम दोन रविवारांत आटोपतें, आणि येथेंच पुष्कळांची फसगत होते. फायली घरीं आल्या म्हणजे त्या सुरक्षित झाल्या असें त्यांस वाटतें. हुषार मनुष्य दोन डिस्का बसवून एकीचें प्रतिबिंब दुसरीवर उमटेल अशी व्यवस्था करतो. एक डिस्क बिघडली तर ती व्यवस्था उपयोगी पडते खरी. परंतु चुकीनें एखादी फाईल पुसली, तर ती दुसऱ्या डिस्कवरूनही त्याच क्षणीं पुसली जाते. आरसा म्हणजे प्रत नव्हे. नेक्स्टक्लाउडची कचरापेटी पुसलेली फाईल साधारणतः ३० दिवस राखते. पण यंत्रच गेलें तर कचरापेटीही गेली.

प्रत म्हणजे काय, हें आपल्या साहित्याच्या इतिहासावरून चांगलें समजतें. फादर थॉमस स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं गोमंतकांत छापलें गेलें, व पुढें १६४९ आणि १६५४ सालीं पुन्हां छापलें गेलें. दहा हजारांहून अधिक ओव्यांच्या या मराठी ग्रंथाच्या त्या तीन छापील आवृत्तींपैकीं एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. तरी ग्रंथ जिवंत आहे, तो हातानें नकलून घेतलेल्या पोथ्यांमुळें. तशा पोथ्यांवरून जोसेफ साल्ढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें तो पुन्हां छापविला. देवनागरींतील एक हस्तलिखित तर लंडनच्या एका संग्रहांत सांपडलें. एका प्रांतांतल्या शेंकडों प्रती नाहींशा व्हाव्या आणि दूरवर विखुरलेल्या थोड्या पोथ्या तराव्या, हा योगायोग मानावयाचा असेल तर मानावा. आम्हांस तो तसा वाटत नाहीं.

दूर म्हणजे किती दूर? याचें उत्तर आपल्याच नगरीच्या पर्जन्यमानांत आहे. २६ जुलै २००५ च्या त्या भयंकर पावसांत सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर नोंद झाली. त्याच चोवीस तासांत कुलाब्यास अवघी ७३ मिलिमीटरच्या आसपास. नगर एक, दिवस एक, आणि एका टोंकास तळमजले बुडाले असतां दुसऱ्या टोंकास नेहमींचा पावसाळी दिवस. म्हणून यंत्र अंधेरीस असेल, तर प्रत मुलुंड किंवा घाटकोपरच्या आप्ताकडे, वरच्या मजल्यावर ठेवावी. अर्थात सर्व संकटें पावसासारखीं जागा पाहून येत नाहींत. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं मुंबई, ठाणें व नवी मुंबई येथील वीज एकदमच गेली. लिहितां लिहितां वीज गेली तर फाईल बिघडण्याचा संभव असतो. यास्तव लहानसा यूपीएस लावून, वीज गेल्यावर यंत्रानें आपण होऊन बंद व्हावें अशी तजवीज करावी.

ही दूरची प्रत तारेनेंही पाठवितां येते, परंतु पहिल्या वेळीं गणित करून पाहावें. ५०० गिगाबाईट सामग्री सेकंदाला २० मेगाबिट या वेगानें धाडली, तर सुमारें ५५ तास लागतात. तीच डिस्क दप्तरांत घालून अंधेरीस मेट्रोंत बसलें, तर घाटकोपर अर्ध्या तासाच्या आंत येतें. पहिली प्रत पायांनीं न्यावी. पुढें रोजची भर तेवढी तारेनें जाऊं द्यावी.

आणखी एक प्रत यंत्रापासून अगदीं तोडलेली असावी. २७ जून २०१७ रोजीं नॉटपेट्या नांवाच्या घातक आज्ञावलीनें मेर्स्क या जहाज कंपनीचीं यंत्रें जगभर निकामी केलीं. समोरच्या न्हावाशेवा बंदरांतील तिच्या धक्क्याचें कामही अडलें. कंपनीच्या सर्व यंत्रांवर कोणास प्रवेश द्यावा याची नोंद ठेवणारे सुमारें दीडशें सर्व्हर परस्परांच्या प्रती होते. पण ते एकमेकांस जोडलेले असल्यामुळें सर्वच पुसले गेले. आफ्रिकेंतील घाना देशांत मात्र त्या वेळीं वीज गेली होती, म्हणून तेथील एक सर्व्हर वांचला, व त्याच्यावरून पुढील उभारणी झाली. वीज जाण्याचा असा उपकार क्वचितच घडतो. आपण ती डिस्क प्रत काढून होतांच यंत्रापासून सोडवून, ओल शोषणाऱ्या पुडीसह बंद डब्यांत ठेवावी, म्हणजे झालें.

सर्व्हर चालविणें हें झाडाला पाणी घालण्यासारखें नित्याचें काम आहे. आज्ञावलींतील दुरुस्त्या आल्या कीं बसवाव्या, डिस्क किती भरली तें पाहावें. घरांतील एकट्यालाच सर्व ठाऊक असेल, तर तो परगांवीं गेल्यावर बाकीचे दाराबाहेर राहतात. यास्तव परवलीचे शब्द व कृति कागदावर स्वच्छ अक्षरांत लिहून, लखोटा बंद करून वडील माणसांच्या स्वाधीन करावा. आणि प्रत निघते एवढ्यावर विसंबूं नये. ती परत उतरते कीं नाहीं हें तपासावें. वर्षांतून दोन वेळां, दिवाळीच्या व मे महिन्याच्या सुटींत, दूरच्या प्रतींतून पांच-दहा फायली दुसऱ्याच एखाद्या संगणकावर उतरवून उघडून पाहाव्या, आणि तें काम शक्यतों ज्यानें सर्व्हर मांडला त्यानें न करतां, लखोट्यांतील कागद वाचून दुसऱ्यानें करावें. मेमधील तपासणी पावसापूर्वीं होते, हा तिचा आणखी एक लाभ.