सुभेदाराचे ताट व प्रजेचा हिशेब

अभ्यासपाठ : नहेम्या ५:१-१९



खेडोपाडीच्या मंडळ्यांतील उपदेशक बंधू आम्हांस वारंवार विचारतात की, मंत्री, खासदार, आमदार व वरिष्ठ अंमलदार यांस पगार किती मिळतो, ते कोणाकडून काय घेतात व अधिकारावर असता कसे वागतात, याची चौकशी ख्रिस्ती मनुष्याने करावी काय? कोणी म्हणतात, पौलाने रोमकरांस अधिकाऱ्यांच्या अधीन राहण्यास सांगितले आहे, यास्तव मुकाट्याने असावे. दुसरे कोणी चावडीवर बसून प्रत्येक पुढाऱ्यास चोर ठरवितात, परंतु एकही कागद वाचून पाहत नाहीत. तिसऱ्यांस भय वाटते. ते म्हणतात, गावात आपली चार घरे. साहेबांची मर्जी गेली तर रेशन, दाखला व घरकुल सर्वच अडून बसेल. हे तिन्ही प्रकारचे लोक आमच्या मंडळ्यांत आहेत, म्हणून या प्रश्नाचा शास्त्रावरून विचार करणे अगत्याचे आहे.

१. नहेम्याने काय सोडले

नहेम्या हा अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार होता व पुढे बारा वर्षे यहूदाचा सुभेदार झाला. त्या काळी दुष्काळ पडला होता. लोकांनी धान्यासाठी शेते, द्राक्षमळे व घरे गहाण टाकली होती. राजाचा कर भरण्यास कर्ज काढले होते. कित्येकांची मुलेमुली दास्यात गेली होती. असे असता पूर्वीचे सुभेदार प्रजेकडून अन्न व द्राक्षारस आणि त्यांशिवाय चाळीस शेकेल रुपे घेत असत, आणि त्यांचे चाकरही लोकांवर सत्ता गाजवीत.

नहेम्यास हे ताट घेण्याचा हक्क होता, तरी त्याने ते घेतले नाही. त्याची दोन कारणे तो सांगतो : एक देवाचे भय, व दुसरे प्रजेवर आधीच असलेला भारी बोजा. त्याच्या पंक्तीस दीडशे माणसे जेवीत; रोज एक बैल, सहा निवडक मेंढरे व पाखरे लागत. हा सर्व तपशील त्याने लिहून ठेविला आहे. आणखी एक लहानसे वाक्य आमच्या वाचकांनी विसरू नये. अधिकारावर असता आपण शेत विकत घेतले नाही, असे तो सांगतो. प्रजा जमिनी गमावीत असताना सुभेदाराची जमीन वाढली नाही, हा त्याच्या वर्तनाचा मोठा पुरावा होय.

ज्या सरदारांनी व अधिकाऱ्यांनी आपल्याच बांधवांकडून व्याज घेतले, त्यांचा दोष नहेम्याने कोपऱ्यात बोलून दाखविला नाही. प्रथम त्याने मनाशी नीट विचार केला, मग मोठी सभा बोलाविली, आपण व आपले बांधवही उसने देतो हे तेथे कबूल केले, व याजकांस बोलावून त्या अधिकाऱ्यांकडून शपथ घेतली. तस्मात् अधिकाऱ्यांची उघड चौकशी ही आजची नवी कल्पना नव्हे.

२. अधीनता म्हणजे मुकेपणा नव्हे

रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात पौल अधिकाऱ्यास देवाचा सेवक म्हणतो व तो लोकांच्या हितासाठी नेमलेला आहे असे सांगतो. जो सेवक आहे त्यास हिशेब चुकत नाही. फिलिप्पै नगरात अंमलदारांनी पौल व सीला यांस चौकशी न करिता चव्हाट्यावर फटके मारविले व दुसऱ्या दिवशी गुपचूप सोडून देऊ केले. तेव्हा पौलाने गुपचूप जाण्याचे नाकारिले व अंमलदारांनी स्वतः येऊन आपणांस बाहेर न्यावे असे कळविले. तो बंदिवान होता, शहरात परका होता, मंडळी नुकतीच जन्मली होती. तरी आपण रोमी नागरिक आहो हे सांगण्यास तो भ्याला नाही. ज्यांस आपली घरे थोडी म्हणून भय वाटते, त्यांनी प्रेषितांची कृत्ये, अध्याय सोळावा, पुनः वाचावा.

शमुवेलाने तर म्हातारपणी सर्व इस्राएलापुढे उभे राहून स्वतःच हिशेब मागविला : आपण कोणाचा बैल घेतला, कोणाचे गाढव घेतले, कोणाकडून लाच घेतली ते सांगा. लोकांनी तो निर्दोष असल्याची साक्ष दिली. परंतु त्याचेच पुत्र योएल व अबीया बैरशेब्यात न्यायाधीश असता लाच घेत होते, आणि वडीलजनांनी ही गोष्ट शमुवेलाच्या तोंडावर सांगितली. थोर माणसाच्या घराचीही चौकशी होऊ शकते, व ती केल्याने थोर माणसाचा अपमान होत नाही.

३. आमच्या देशाचा अनुभव

ता. २ मार्च १९३० रोजी गांधीजींनी व्हाइसरॉय लॉर्ड अर्विन यांस पत्र लिहिले. व्हाइसरॉयास महिन्यास २१,००० रुपयांवर, म्हणजे दिवसास सुमारे ७०० रुपये मिळतात, आणि हिंदी मनुष्याचे सरासरी उत्पन्न दिवसास दोन आण्यांहूनही कमी आहे, हे त्यांनी आकड्यांनी दाखविले. त्याच पत्रात, त्या गृहस्थांविषयी आपल्या मनात आदर आहे, असेही त्यांनी स्पष्ट केले. माणसाचा द्वेष न करिता त्याच्या पगाराचा हिशेब मागता येतो, याचे हे उदाहरण होय.

पुढच्या वर्षी, १९३१ साली, कराचीच्या काँग्रेसने ठरविले की सरकारी नोकराचा पगार साधारणपणे महिना ५०० रुपयांवर नसावा. हा ठराव करणाऱ्यांची कसोटी १९३७ साली लागली. मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेर मुख्य प्रधान झाले, व काँग्रेसच्या मंत्र्यांनी महिना ५०० रुपये पगार घेतला. घरभाडे व वाहन यांचा भत्ता वेगळा होता. दुसऱ्यास लावलेले माप त्यांनी स्वतःस लाविले.

स्वराज्य आल्यावर घटनेच्या १०६ व्या कलमाने खासदारांचे वेतन कायद्याने ठरविण्याचा अधिकार संसदेसच दिला. म्हणजे घेणारा व ठरविणारा एकच झाला. २०१८ साली हे वेतन महिना १,००,००० रुपये करण्यात आले, व दर पाच वर्षांनी महागाईप्रमाणे ते वाढावे असा नियम केला. त्या नियमाने मार्च २०२५ मध्ये ते १,२४,००० रुपये झाले व ही वाढ १ एप्रिल २०२३ पासून लागू धरिली. हा आकडा कोणास मोठा वाटेल, कोणास योग्य वाटेल. पण तो छापलेला आहे व कोणीही वाचू शकतो, हे महत्त्वाचे आहे.

वर्तनाविषयीही चौकशी झाली आहे. १९५१ साली मुंबईचे एक सभासद मुद्गल यांनी सोन्याचांदीच्या व्यापाऱ्यांच्या संघाचे काम संसदेत करण्यासाठी पैसे घेतले, असे चौकशी समितीस आढळले. पंडित नेहरूंनी त्यांस काढण्याचा ठराव आणिला, व निकालापूर्वी त्यांनी राजीनामा दिला. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याचे पत्रकारांनी उघड केल्यावर डिसेंबर २००५ मध्ये लोकसभेने दहा व राज्यसभेने एक सभासद काढून टाकिला.

४. थोडा पगार व झाकलेला भत्ता

अधिकाऱ्यांनी फुकट काम करावे, असे कित्येकांस वाटते. हे आम्हांस मान्य नाही. कामकरी आपल्या मजुरीस योग्य आहे, असे प्रभूनेच सांगितले. इंग्लंडात १९११ पर्यंत पार्लमेंटच्या सामान्य सभासदांस पगार नव्हता. त्यामुळे मजुराच्या मुलास तेथे बसणे फार कठीण होते. त्या वर्षी सालीना ४०० पौंड ठरले.

परंतु त्याच देशाने दुसरा धडाही दिला. लोक रागावतील या भयाने सरकारे सभासदांचा पगार फारसा वाढवीत ना, आणि त्याऐवजी दुसऱ्या घराच्या खर्चाचा भत्ता मात्र सैल हाताने दिला जाई. मे २००९ मध्ये एका वर्तमानपत्राने त्या खर्चाचे कागद छापिले. तळ्यातल्या बदकांसाठी बांधलेल्या घरट्याचाही खर्च एकाने मागितला होता. तो मंजूर झाला नाही, तरी लोकांचा संताप अनावर झाला. अनेकांनी उत्तर दिले की आम्ही नियमाबाहेर काही केले नाही. सभेच्या अध्यक्षांस पद सोडावे लागले, पुढे काही माजी सभासद खोट्या हिशेबाबद्दल तुरुंगात गेले, व खर्च तपासण्यास स्वतंत्र मंडळ नेमिले गेले. त्यांचा पगारही आता तेच मंडळ ठरविते.

यावरून आम्ही असे समजतो की, पगार किती, एवढाच प्रश्न पुरेसा नाही. तो उघड आहे काय, त्याचा बोजा कोणावर पडतो, व पगाराशिवाय पदराखाली आणखी काय येते, हेही विचारिले पाहिजे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने जकातदारांस व शिपायांस नोकरी सोडण्यास सांगितले नाही. ठरलेल्याहून अधिक घेऊ नये व आपल्या पगारात समाधान मानावे, एवढेच सांगितले.

५. हिशेब कसा मागावा

पहिले, कागद पाहून बोलावे. निवडणुकीस उभा राहणारा प्रत्येक उमेदवार आपली मालमत्ता, कर्ज व आपणावरील फौजदारी खटले शपथपत्रात लिहून देतो; सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ सालच्या निकालांनी मतदारांस हा हक्क मिळाला. दोन निवडणुकींची शपथपत्रे शेजारी ठेवून वाचावी, म्हणजे अधिकारावर असता शेत वाढले की नाही ते कळेल. मात्र वाढलेली प्रत्येक मालमत्ता चोरीचीच असते असे नव्हे. आधी प्रश्न विचारावा. निर्णय घाईने देऊ नये.

दुसरे, कायद्याच्या वाटेने जावे. २००५ सालच्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याप्रमाणे प्रत्येक सरकारी कार्यालयाने आपल्या अधिकाऱ्यांचे व नोकरांचे मासिक वेतन स्वतः होऊन प्रसिद्ध केले पाहिजे. दहा रुपयांच्या अर्जावर सामान्यतः तीस दिवसांत उत्तर मिळावे. दारिद्र्यरेषेखालील मनुष्यास फी नाही. ज्यांस भय वाटते त्यांनी एकट्याने जाऊ नये. गावातील इतर समाजांचे सज्जन सोबत घ्यावे, कारण बोजा सर्वांवर सारखाच आहे.

तिसरे, जीभ आवरावी. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा मंत्र्यासही शेजारी धरते. ऐकीव गोष्ट मोबाइलवरून पुढे पाठविणे हीसुद्धा साक्षच होय.

चौथे, हेवा नसावा. नहेम्याच्या डोळ्यांपुढे कर्जात बुडालेली प्रजा होती. आमचा प्रश्न गरिबाच्या ताटासाठी आहे की दुसऱ्याचे ताट मोठे म्हणून आहे, हे प्रत्येकाने प्रार्थनेत तपासावे.

६. आमची स्वतःची वही

पौलाने यरुशलेमेच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा ती एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेले बंधू सोबत घेतले, यासाठी की देवापुढे व माणसांपुढेही गोष्ट चोख दिसावी. ज्या मंडळीत दानपेटी दोघांसमोर मोजली जात नाही, पाळकाचा पगार कोणास ठाऊक नाही, व सणाच्या वर्गणीचा जमाखर्च वाचला जात नाही, तिने दिल्लीचा व मुंबईचा हिशेब कोणत्या तोंडाने मागावा? येत्या मासिक सभेत आपली वही उघडून वाचावी. पाळकाने प्रथम आपला आकडा सांगावा.

मंडळीत चर्चा करण्यासाठी प्रश्न

१. नहेम्याने हक्काचे ताट का सोडले? त्याची दोन कारणे सांगा.
२. निंदा व हिशेब मागणे यांत भेद काय?
३. थोडा पगार व झाकलेला भत्ता यांहून पुरेसा व उघड पगार बरा का?
४. आमच्या मंडळीचा जमाखर्च शेवटी केव्हा वाचला गेला?

अधिकारावर असलेल्या सर्वांसाठी प्रार्थना करावी, अशी आम्हांस आज्ञा आहे. ज्याच्यासाठी आम्ही रविवारी प्रार्थना करितो, त्यास सोमवारी हिशेब विचारणे हे त्या प्रार्थनेच्या विरुद्ध नाही. कारण तो मोहातून वाचावा व प्रजेचा बोजा हलका व्हावा, हेच दोहोंचे मागणे होय.