समुद्रातल्या किल्ल्यावर पायी

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात समुद्र नाही. पण प्रकाशे येथे तुम्ही तापी नदी पाहिली असेल. तिचे पाणी पुढे सुरतजवळ अरबी समुद्राला मिळते. गंमत पाहा, उर्दूत 'दरिया' म्हणजे नदी आणि मराठीत 'दर्या' म्हणजे समुद्र!

हा दर्या जवळून पाहायचा असेल तर मुंबईहून अलिबागला जा. पावसाळा सोडून इतर दिवसांत गेटवे ऑफ इंडियाहून लाँच निघते. सुमारे तासाभरात ती मांडव्याला पोहोचते. तेथून बसने अलिबाग गाठावे.

किनाऱ्यावर घोडागाडीत बसा, शहाळ्याचे पाणी प्या. पण खरे आकर्षण आहे समोरचा कुलाबा किल्ला. शिवाजी महाराजांनी १६८० साली तो बांधायला घेतला. पुढे तो कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे ठाणे झाला. चारी बाजूंना खारे पाणी, आणि किल्ल्यात मात्र गोड्या पाण्याची विहीर!

ओहोटीच्या वेळी या किल्ल्यावर चालत जाता येते. भरती आली की तीच वाट पाण्याखाली जाते. भरती-ओहोटीला उर्दूत 'मद्दोजजर' म्हणतात. ओहोटीनंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण भरती येते, आणि ही वेळ रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते. म्हणून कालची वेळ आज उपयोगी पडत नाही. निघण्यापूर्वी किनाऱ्यावरच्या कोळ्यांना विचारा. किल्ला पाहताना समुद्राकडेही लक्ष ठेवा. वाटेवर पाणी चढू लागले असेल तर त्यात उतरू नका. किल्ल्यातच थांबा, होडी मिळेल, नाहीतर पुढची ओहोटी येईलच.