भिंतीची ओल, चुना आणि सिमेंट

प्रश्न : सातारा जिल्ह्यात आमचं आजोबांच्या काळातलं घर आहे. भिंती दगडाच्या, मातीत रचलेल्या. खालच्या तीनेक फुटांत ओल येते, पोपडे सुटतात. गवंडी म्हणतात, जाड सिमेंटचा गिलावा मारून टाकू. मुलगी म्हणते, पर्यावरणासाठी चुना वापरा. तिच्या म्हणण्यात तथ्य आहे का? मागे एक खोलीही वाढवायची आहे.

उत्तर : मुलीचं ऐका. पर्यावरणासाठी तर ऐकाच, पण त्याआधी भिंतीसाठी ऐका.

जुन्या घरांच्या पायात ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतलं पाणी दर्जांमधल्या मातीतून वर चढतं आणि भिंतीच्या अंगावरून हवेत उडून जातं. मातीचा किंवा चुन्याचा गिलावा सच्छिद्र असतो, त्यामुळे हे वाळणं चालू राहतं. सिमेंटच्या घट्ट थराने ही वाट बंद होते. मग पाणी बाहेर पडायला जागा शोधत आणखी वर चढतं आणि तीन फुटांवरची ओल पुढे छातीएवढ्या उंचीवर दिसू लागते. पाण्याबरोबर क्षारही येतात. गिलाव्याच्या पाठीमागे त्यांचे स्फटिक फुगतात, लोणा लागतो आणि सिमेंटचा पापुद्रा आतल्या मातीसकट सुटून येतो. गावात कुणी दगडमातीच्या भिंतीला असा गिलावा केला असेल, तर बोटांनी ठोकून पाहा. पोकळ आवाज आला की समजा, आतून तो सुटलेला आहे. चुन्यालाही क्षार सोडत नाहीत, पण त्यात खराब होतो तो गिलावा, भिंत नव्हे. काही वर्षांनी तेवढा खरवडून पुन्हा करता येतो.

आता पर्यावरणाचं. चुनखडी साधारण ९०० अंश सेल्सिअसला भाजली की कळीचा चुना मिळतो. सिमेंटच्या भट्टीला १४५० अंशांच्या आसपास उष्णता लागते. चुनखडीतला कार्बन डायऑक्साइड दोन्हीकडे सुटतो, मात्र चुन्याचा गिलावा घट्ट होताना त्यातला बराच हवेतून परत शोषून घेतो. भट्टीतल्या इंधनाचा धूर काही परत येत नाही, म्हणून ‘चुना म्हणजे शून्य प्रदूषण’ असं कुणी सांगितलं तर मानू नका. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७ ते ८ टक्के आहे. तुमच्या बाबतीत मला याहून मोठी वाटते ती एक गोष्ट : भिंती टिकल्या तर घर पाडून नवं आरसीसीचं बांधावं लागणार नाही.

गिलाव्याआधी पाण्याचा बंदोबस्त करा. पागोळ्या भिंतीच्या पायथ्याशी पडत असतील तर पन्हळ लावा, भिंतीलगत चढलेली माती उपसा, पाणी दूर जाईल असा उतार द्या. मग सुटलेला गिलावा काढून दर्जा मातीने भरा आणि एक भाग भिजवलेल्या चुन्याला तीन भाग वाळू घेऊन पातळ थर चढवा. प्रत्येक थर काही दिवस ओलसर राहू द्या. उन्हाने भराभर वाळला तर तडकतो. वरून सफेदीच द्या. ऑइलपेंट लावलात तर सिमेंटचंच दुखणं परत येईल. कळीचा चुना घरी भिजवणार असाल तर मुलांना लांब ठेवा. तो उकळतो आणि डोळ्यांत गेला तर दृष्टी जाऊ शकते.

मागच्या खोलीला आधी आसपास पाडलेल्या घरांचे दगड मिळतात का पाहा. विटाच घ्याव्या लागल्या तर वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात रुळवलेली ‘रॅट ट्रॅप’ रचना करा. विटा कडेवर उभ्या ठेवून मधे पोकळी सोडतात. नऊ इंची भिंतीत सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात आणि उन्हाचा ताव आत कमी येतो.

काम दिवाळीनंतर काढा, पावसाळी हवेत चुना लवकर धरत नाही. आणि चुन्याचा हात असलेला गवंडी हवा असेल तर जुन्या देवळांच्या दुरुस्तीवर काम केलेल्यांकडे चौकशी करा.