आरुरुक्षु आणि त्याचा सहाय

गीतेच्या सहाव्या अध्यायातील तिसऱ्या श्लोकात साधकासाठी ‘आरुरुक्षु’ असा शब्द योजिला आहे. ‘रुह्’ धातूला ‘आ’ हा उपसर्ग लागला म्हणजे ‘चढणे’ असा अर्थ होतो. त्यालाच इच्छार्थक प्रत्यय जोडून ‘चढू इच्छिणारा’ हा भाव एका शब्दात आणिला आहे. भाषांतर करताना ‘योगाची इच्छा करणारा’ असे लिहिले, तर अर्थ चुकत नाही. पण चढणे मात्र नाहीसे होते. ते जपले पाहिजे. कारण त्याच श्लोकातील ‘आरूढ’ हा शब्द त्याच धातूपासून आला आहे. एक पायथ्याशी उभा आहे, दुसरा माथ्यावर पोचला आहे. पहिल्याचे साधन कर्म, दुसऱ्याचे शम.

श्रीज्ञानेश्वर महाराजांनी शके १२१२ मध्ये या श्लोकाचे विवरण करताना योगाला पर्वताचेच रूप दिले. कर्ममार्ग हा त्याचा सोपान, यमनियम हा पायथा, आसन ही पाऊलवाट, प्राणायाम हा कडा. पुढे प्रत्याहाराचा सुळका असा निसरडा, की तेथे बुद्धीचेही पाय ठरत नाहीत. वैराग्याची नखे रोवून हळूहळूच वर सरकावे लागते. डोंगर पायांनी ओळखलेल्या महाराष्ट्रातील श्रोत्यांना हा दृष्टान्त समजावून सांगावा लागला नसेल.

आपण रायपूरकर सपाट प्रदेशातले. सराफी पेढ्यांच्या आमच्या सदर बाजारात चढ असा नाहीच. परंतु नागपूरच्या लोहमार्गावर दुर्ग आणि राजनांदगाव मागे टाकले की सुमारे शंभर किलोमीटरवर डोंगरगड येते. गावाच्या नावातच मराठी माणसाला ओळखीचे दोन शब्द आहेत. ग्रॅनाइटच्या उघड्या खडकांच्या टेकडीवर बम्लेश्वरी देवीचे मंदिर आहे. पायऱ्या एक हजारांहून अधिक. पायथ्याशी धाकट्या बम्लेश्वरीचे मंदिर आहे. दोन्ही नवरात्रांत येथे मोठी यात्रा भरते. रज्जुमार्ग झाला असला, तरी पायी चढणारे पुष्कळ. पहाटे निघून सायंकाळी घरी परतता येते, म्हणून आपल्या पाठासाठी हाच डोंगर घेऊ.

समजा, सदर बाजारातील एक गृहस्थ व त्यांची पत्नी, दोघेही पन्नाशीचे, ही टेकडी चढू लागले आहेत. गृहस्थांचे पाऊल चपळ आहे. निम्म्या वाटेवर बाई थांबतात आणि म्हणतात, “तुम्ही पुढे व्हा, मी येथे बसते.” या साध्या वाक्याने सहाव्या अध्यायातील दोन शंका उभ्या राहतात.

पहिली शंका : पाचव्या श्लोकात सांगितले आहे की, मनुष्याने स्वतःच स्वतःला वर काढावे, तोच आपला बंधू आणि तोच आपला शत्रू. मग वाटेवर सोबत्याचे प्रयोजन काय?

समाधान असे की, सोबती आपली पायरी चढू शकत नाही, हे खरेच. परंतु संस्कृतात मदत करणाऱ्यास ‘सहाय’ म्हणतात. ‘सह’ म्हणजे बरोबर, ‘अय’ म्हणजे जाणे. जो बरोबर जातो तो सहाय, आणि त्याचे बरोबर जाणे हेच साहाय्य. ओढणे किंवा उचलणे हा अर्थ मूळ शब्दात नाही. पाणिनीनेही सख्यासाठी ‘साप्तपदीन’ हा शब्द साधून दिला आहे. सात पावले बरोबर चालण्याने जे प्राप्त होते ते सख्य. कुरुक्षेत्रावर स्वतः भगवंतांनी शस्त्र न धरता अर्जुनाच्या घोड्यांचे लगाम हाती घेतले, हेही याच प्रकारचे साहाय्य होय.

दि. २९ मे १९५३ रोजी तेनसिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी एव्हरेस्टवर पोचले ते एका दोराने जोडलेले होते. त्याच मोहिमेत त्यापूर्वी हिलरी हिमाच्या भेगेत कोसळले असता तेनसिंग यांनी दोर आवळून त्यांना सावरले होते. दोराने कोणाचेही पाऊल उचलले जात नाही. पडणाऱ्याला तो धरतो. पुढे ‘प्रथम कोण?’ असा वाद माजला. दोघांनी आधी ‘जवळजवळ बरोबरच’ एवढेच सांगितले. नंतर १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथेत तेनसिंग यांनी, हिलरी काही पावले पुढे होते, असे स्पष्ट केले. त्यामुळे दोघांच्या सख्यास बाध आला नाही.

दुसरी शंका : सोबत्याला पुढे जाणेच शक्य नसेल, तर अर्धी चढण वाया गेली काय? हीच शंका अर्जुनानेही सदतिसाव्या श्लोकापासून विचारली आहे. योगाच्या वाटेवर मध्येच थांबलेला मनुष्य फाटलेल्या ढगासारखा दोन्हींकडून नष्ट होत नाही ना? भगवंतांचे उत्तर निःसंदिग्ध आहे : कल्याणकारी कर्म करणाऱ्याची दुर्गती होत नाही. जेवढे चढणे झाले तेवढे त्याच्या पदरी राहते आणि पुढचा प्रयत्न तेथून सुरू होतो.

हे उत्तर मिळाले म्हणजे त्या गृहस्थांचे कर्तव्य स्पष्ट होते. त्यांनी बाईंजवळ बसावे, पाणी द्यावे, श्वास शांत होऊ द्यावा. धाप विश्रांतीने ओसरली, तर पुढचा चढ बाईंच्या चालीने चढावा. दोघांच्या वाटचालीत मंद पावलाचा वेग हाच खरा वेग. परंतु छातीत दडपण, घेरी किंवा थंड घाम असे लक्षण दिसले, तर बाईंना तेथेच बसवून इतरांच्या मदतीने त्यांना विनाविलंब खाली वैद्यकीय उपचारासाठी न्यावे. ‘आता थोडेच राहिले’ असे म्हणून अशा वेळी पुढे नेणे हे प्रोत्साहन नव्हे. त्यात प्राणाचे मोल आहे. देवी पायथ्याशीही आहेच.

आणि उतरताना मनात किंवा शब्दांत उपालंभ नसावा. माथा गाठता आला नाही याची खंत घरी नेणारा गृहस्थ फळ मागत होता; सोबत करण्याचे कर्म त्याने केलेच नाही, असे म्हणावे लागेल.

आचरणासाठी : चढ उन्हाआधी सुरू करावा. बोलता येईल इतक्याच वेगाने चालावे. परतण्याची वेळ पायथ्याशीच दोघांनी ठरवावी. उतरणीवर गुडघ्यांस भार अधिक पडतो, म्हणून उतरण्यासाठीही बळ राखावे.

मननासाठी : आपल्या घरात आज कोण मंद पावलाने चालत आहे? त्याला आपण ओढीत आहोत, मागे टाकीत आहोत, की त्याच्या बरोबर जात आहोत?